हिरव्या सुरवंटांच्या बाह्या

व्हाइटहॉल, ४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आधी चूक दुरुस्त करते, मग बाकीचं लिहिते. मागच्या पत्रात मी कळवलं होतं की तीन राजांच्या सणाला राणीसाहेब चॅपेलमध्ये आल्या त्या आपण नववर्षाला भेट दिलेल्या बाह्या घालून. त्या आपल्या बाह्या नव्हत्या. त्या आपल्या शेजारच्या कॉर्डवेलांकडच्या होत्या.

त्या दिवशी मी राणीसाहेबांच्या सेवेतल्या मुलींच्या रांगेत जवळजवळ शेवटी होते. राणीसाहेबांची पाठ आणि उजवं कोपर एवढंच मला दिसत होतं. कोपरावर हनिसकलची वेल होती आणि वेलीवर सुरवंट होता. तुम्ही भरलेल्या बाह्यांवरही हनिसकल आहे आणि सुरवंट आहेत, म्हणून मी तसं लिहून टाकलं. काल पोशाखाकडच्या एक बाई तापाने पडल्या आणि राणीसाहेबांच्या झग्याला बाह्या बांधायचं काम माझ्याकडे आलं. नेमक्या त्याच बाह्या होत्या, आणि नाड्या बांधताना माझं नाक त्यांना लागत होतं. सुरवंट पिवळे आहेत. तुमचे हिरवे आहेत. शिवाय पिवळ्यांचे पाय नीट भरलेले नाहीत. हे मी आकसाने लिहीत नाही, ते खरंच नीट भरलेले नाहीत.

सिसिली कॉर्डवेल आणि मी एकाच पलंगावर झोपतो हे तुम्हाला माहीत आहे. तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "हो, आमच्याच. मला वाटलं तुला कळलंय आणि तू मोठ्या मनाने गप्प आहेस."

तुम्ही मला घरी लिहायला शिकवलंत तेव्हा सांगितलं होतंत की आधी दिसलं ते लिहावं, मग एक ओळ सोडून वाटलं ते लिहावं. मी ओळ सोडली नव्हती.

बाह्यांवरून बाबा काही मोठं ठरवणार नाहीत अशी माझी समजूत आहे. तरी दोन ओळी पाठवा, म्हणजे मला झोप लागेल.

तुमची,
उर्सुला


हॉल्टबी, १३ फेब्रुवारी

चि. उर्सुलास आशीर्वाद.

पिवळा सुरवंट हनिसकलवर बसत नाही. एवढं त्या कॉर्डवेलच्या बायकोला कोणीतरी सांगायला हवं होतं.

झोपेचं म्हणशील तर तुला ती लागेलसं काही माझ्याजवळ नाही. तुझं पहिलं पत्र दादांनी पाहुण्यांच्या पंगतीत मोठ्याने वाचून दाखवलं. वर म्हणाले, ज्या घरची बाही राणीसाहेब अंगाला लावतात त्या घरावर त्यांचा राग उरलेला नाही. त्याच संध्याकाळी त्यांनी फ्रान्समध्ये रूआँला तुझ्या भावाला, अ‍ॅम्ब्रोजला निरोप धाडला की आता ये. समोरच्या खुर्चीत लॉर्ड कॉर्डवेल बसले होते. त्यांच्या मुलीच्या पत्रातून खरं काय ते त्यांना तेव्हाच कळलेलं असणार. ससा फार छान शिजलाय एवढंच म्हणाले आणि आणखी घेतला.

तुझं दुसरं पत्र आलं तसं मी ते दादांच्या हातात दिलं. त्यांचं म्हणणं असं की मुलगी आधी लांबून बघत होती तेव्हा तिला नीट दिसलं, आता फार जवळ गेल्याने गोंधळली. मी म्हटलं, दादा, हिरवा आणि पिवळा. ते म्हणाले, मेणबत्तीच्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं. पण त्यानंतर त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं, आणि दादा ताट बाजूला सारत नाहीत हे तुला ठाऊक आहे.

तुझा भाऊ दोन वर्षांपूर्वी कशासाठी गेला ते तुला मी सांगायला नको. राणीसाहेबांना चांगला नाचणारा माणूस आवडतो, म्हणून तो फ्रान्समध्ये नाच शिकायला गेला. जाताना त्यांची परवानगी घ्यायला विसरला. कायदा नाच शिकणारा आणि कट करणारा असा फरक करत नाही. सर राल्फ डेनशम यांचा मुलगाही असाच परवाना नसताना गेला आणि माफी न मिळवता परत आला. त्याला लंडनच्या टॉवरमध्ये कैदेत ठेवलं. उन्हाळ्यात तो तापाने गेला. त्याच्या आईने पाठवलेली रजई नंतर पोचली.

दादांनी आता उलटा निरोप धाडला आहे. पण बोट आधी निघते की निरोप आधी पोचतो हे देवाच्या हाती. यापुढे पत्रात त्याचं नाव लिहू नकोस. आपण फ्रेंच दारूचं एक पिंप मागवलं आहे असं समज. हे पत्र जाळ.

आत्या

ता. क. आपल्या बाह्या मग आहेत कुठे?


व्हाइटहॉल, २१ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

पत्र जाळलं. जाळायच्या आधी सुरवंटांबद्दलची ओळ उतरून घेतली, ती निरुपद्रवी वाटली.

पिंप हा शब्द वापरणं म्हणजे खोटं बोलणं होईल का याचा मी रविवारभर विचार केला. मग असं ठरवलं की लिहिणारीला आणि वाचणारीला दोघींना खरं माहीत असेल तर ते खोटं नव्हे. पिंप निघालं असेल तर ते परत फिरवा. निघालं नसेल तर त्याला सांगा की मला त्याची फार आठवण येते.

मी इथे काय करू शकते ते पाहिलं. तीन वर्षांत राणीसाहेब माझ्याशी एकदाच बोलल्या आहेत. मी खिडकीशी उभी होते आणि त्यांनी मला उजेडातून बाजूला व्हायला सांगितलं. त्या बोलल्याशिवाय आम्ही मुलींनी बोलायचं नाही, आणि घरच्यांसाठी काही मागायचं तर मुळीच नाही. मागच्या हिवाळ्यात एका मुलीने काकांसाठी शब्द टाकला. चार दिवसांत ती घरी होती, तिची पेटी मागाहून गेली.

आम्हा मुलींवर देखरेख करणाऱ्या ट्रॅपनेलबाई तुम्हाला आठवत असतील. मी त्यांना नाव न घेता विचारलं की एखाद्याने माफी मागायची झाली तर ती कधी मागावी. त्या म्हणाल्या, "राणीसाहेब चालत असतील तर मागे पळावं लागतं. बसल्या असतील तर आधी बोलावणं यावं लागतं. घोड्यावर असतील तर विचारूच नये." मी म्हटलं, मग उरलं काय? त्या म्हणाल्या, "उरलं काही नाही. म्हणून तर राज्य सुरळीत चाललंय."

बाह्यांची चौकशी करते आहे.

तुमची,
उर्सुला


हॉल्टबी, ४ मार्च

चि. उर्सुलास आशीर्वाद.

पिंप पोचलं. निरोप आणि बोट समुद्रात एकमेकांना ओलांडून गेले. वाटेत कुठे गळलं नाही, थोडं बारीक मात्र झालं आहे. टोकदार दाढी ठेवली आहे आणि ती त्याला शोभत नाही.

त्याला सफरचंदांच्या माळ्यावर ठेवलं आहे. लेंटचा उपास चालू झाल्यापासून आमच्याकडे रोज खारवलेला मासा. पिंपाला मासा नको असतो. काल त्याने विचारलं, एखादं कोंबडं चुकून मेलं असेल का. मी सांगितलं की लेंटमध्ये या घरात कोंबडी चुकून मरत नाहीत.

काळजीची गोष्ट वेगळीच आहे. ते वर नाचतं. पाय आखडतील म्हणतं, आणि शिकलेलं विसरलं तर सगळंच फुकट गेलं म्हणतं. माळ्याखाली स्वयंपाकघर आहे. कणकेत धूळ पडते. मी सगळ्यांना सांगितलं की उंदीर झाले आहेत. स्वयंपाकीण माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बाईसाहेब, उंदीर असतील तर असोत. पण ते चार पावलं टाकून पाचव्याला उडी मारतात, आणि पुन्हा चार पावलं टाकतात." ती माझ्या वडिलांच्या वेळची आहे, बाहेर बोलणार नाही. आता ती कणीक झाकून ठेवते.

दादा दिवसातून दोनदा माळ्याच्या शिडीपर्यंत जातात. वर जात नाहीत. वर गेलो तर बोलावं लागेल आणि बोललो तर रडू येईल असं ते म्हणाले नाहीत. ते म्हणाले की शिडीची पायरी सैल झाली आहे.

बाह्यांचं काय झालं? वर्षभर मी त्यांच्यावर डोळे फोडले. राणीसाहेबांनी त्या ईस्टरसाठी राखून ठेवल्या असतील तर तसं स्पष्ट लिही. मी कोणाला सांगणार नाही. दादांना सांगेन फक्त.

आत्या


ग्रिनिच, १६ मार्च

प्रिय आत्या,

दरबार इथे हलला आहे. नदीवरून वारा येतो आणि आम्ही सगळ्या शिंकतो.

सिसिलीशी झालेलं बोलणं जसंच्या तसं लिहिते, कारण त्यात माझी चूक झाली की नाही ते मला ठरवता येत नाही. तुमचं पत्र मी पलंगावर बसून वाचत होते. ती केस विंचरत होती.

"घरून काय आलं?"

"पत्र."

"ते दिसतंय. पत्रात काय आलं?"

"पिंप आलंय. फ्रान्सहून."

"अगंबाई. चांगलं आहे का?"

"मला आवडतं."

"किती वर्षांचं?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण तिने सरळ विचारलं आणि मला उत्तर माहीत होतं. मी म्हटलं, "चोवीस."

तिने फणी खाली ठेवली. "चोवीस वर्षांची दारू म्हणजे आंबून गेली असेल."

"काही लोकांचं तसंच मत आहे."

मी तेच पान पुन्हा वाचायला लागले. मग ती माझ्याजवळ येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "उर्सुला, तुझ्या पिंपाला अजून नाचता येतं का? दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे त्याने माझ्या पायावर पाय दिला होता."

माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असतं हे तुम्हीच म्हणता.

"मग त्याला सांग," ती म्हणाली, "बाबा ईस्टरच्या सोमवारी तुमच्याकडे येतायत. माणसं घेऊन. तुमच्या बाह्यांचं अभिनंदन करायला. जाताना मोकळ्या हाताने जाणार नाहीत असं त्यांनी मला लिहिलंय. मला वाटलं ते तुमच्या हरणांबद्दल असेल."

मग तिने मेणबत्ती विझवली आणि मला पाठ करून झोपली. सिसिलीने हे मला का सांगितलं ते मला दिसलं नाही, म्हणून लिहीत नाही.

बाह्यांची चौकशी अजून चालू आहे.

तुमची,
उर्सुला


हॉल्टबी, २५ मार्च

चि. उर्सुलास आशीर्वाद.

त्या मुलीने खरं सांगितलं. लॉर्ड कॉर्डवेलांचा रीतसर निरोप आला. ईस्टरच्या सोमवारी जेवायला, आणि मग आठवडाभर राहायला. बरोबर चाळीस माणसं. शेजाऱ्याला नाही म्हणायची सोय नाही, त्यात ते या परगण्याचे न्यायाधीश. त्यांची माणसं कुठे झोपतात ते मागच्या खेपेला पाहिलं आहे. तळघरात, गोठ्यात, गंजीत, आणि माळ्यांवर. सफरचंदांच्या माळ्यावर मागच्या वेळी सहा जण होते.

पिंप परत पाठवायचं तर बंदरांवर पहारा आहे. येताना ते मासळीच्या होडीतून आलं. तो होडीवाला आता दारातही उभं करत नाही. डेनशमकडे ठेवावं तर तिथे जाऊन हे कसं मागू, त्या बाईचा मुलगा जाऊन वर्ष झालेलं नाही. दादा म्हणतात, मी स्वतः त्याला लंडनला नेतो आणि राणीसाहेबांच्या पायावर घालतो. मी विचारलं, पाय कुठे सापडणार आहेत तुम्हाला, तुम्हाला तर बाहेरच्या दालनाच्या पुढे सोडत नाहीत. त्यावर ते बराच वेळ कुत्र्याला थोपटत बसले.

पिंप थट्टा करतं. टॉवरमध्ये निदान रोज मासा नसेल म्हणतं. पण काल दुपारी मी जेवण घेऊन वर गेले तर ते नाचत नव्हतं. सफरचंदांच्या ओळींमध्ये पाय पोटाशी घेऊन बसलं होतं. मला म्हणालं, "आत्या, डेनशमच्या मुलाच्या खोलीला खिडकी होती का गं?" मी सांगितलं, मला माहीत नाही. ते म्हणालं, "नाही, सहज विचारलं." मग मासा खाल्ला. सगळा खाल्ला. मला ते मुळीच आवडलं नाही.

तू काही करू नकोस. एका घरातलं एक पोर अडकलं तेवढं पुरे. तू जागच्या जागी राहा, रांगेत शेवटी उभी राहा, आणि उजेडात येऊ नकोस. हे मी तुला शिकवणारी म्हणून सांगते आहे, आणि तुझ्या आईच्या जागी आहे म्हणूनही सांगते आहे.

बाह्यांचं मात्र आता खरं लिही. तू महिनाभर चौकशी करते आहेस. तू एखाद्या गोष्टीची महिनाभर चौकशी केलीस म्हणजे तुला पहिल्याच दिवशी कळलेलं असतं.

आत्या


ग्रिनिच, २ एप्रिल

प्रिय आत्या,

तुमचं बरोबर आहे. मला पहिल्याच दिवशी नाही, पण पहिल्या आठवड्यात कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून लिहिलं नाही. आता लिहावं लागेल, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी राणीसाहेब गरीब बायकांचे पाय धुतात. त्यांना जितकी वर्षं झाली असतील तितक्या बायका बोलावतात, म्हणून त्या दिवशी बायका मोजायच्या नाहीत असा इथे अलिखित नियम आहे. परटीण आधी त्यांचे पाय धुते. मग धाकटे धर्माधिकारी धुतात, मग थोरले धुतात. राणीसाहेबांपर्यंत येतात तेव्हा ते पाय आपल्या सगळ्यांच्या पायांपेक्षा स्वच्छ असतात. तरी त्या गुडघ्यांवर बसून प्रत्येकीचा पाय धुतात, पुसतात आणि त्यावर ओठ टेकतात. पाण्यात सुगंधी पाला घातलेला असतो. त्याचा हिरवट डाग पडतो आणि तो जात नाही. बाह्या कोपरापर्यंत भिजतात. त्यामुळे त्या दिवसासाठी अशा बाह्या बाजूला काढून ठेवतात, ज्या खराब झाल्या तरी चालतील.

आत्या, त्या आपल्या आहेत. ट्रॅपनेलबाईंनी मला त्या दाखवल्या. त्या टोपलीत एप्रनांखाली होत्या. सुरवंट अजून ताजे दिसतात. ट्रॅपनेलबाई म्हणाल्या, "काम सुरेख आहे, पण राणीसाहेबांना अळ्या आवडत नाहीत." मी म्हटलं, त्यांनी कॉर्डवेलांकडच्या घातल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्या अळ्या आहेत हे त्यांना अजून कळलेलं नाही. त्यांना ती फुलं वाटतात."

हे कारण बाबांना वाचून दाखवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. राणीसाहेब त्या दिवशी आपल्या बाह्या घालणार आहेत एवढंच सांगितलंत तरी ते खरंच असेल.

आता दुसरी गोष्ट. राणीसाहेब चालत असल्या की पळावं लागतं, बसल्या असल्या की बोलावणं लागतं. पण त्या एका दिवशी त्या गुडघ्यांवर असतात, आणि त्या गुडघ्यांवर असताना दुसऱ्या कोणी उभं राहायचं नसतं. टॉवेल धरणारी मुलगी त्यांच्या शेजारी गुडघ्यांवरच सरकत जाते. तिचं तोंड आणि त्यांचं तोंड एका पातळीवर येतं. हातात कोणाचा तरी पाय धरलेल्या माणसाला चटकन उठून निघून जाता येत नाही. मी बरंच शोधलं, वर्षात असा दुसरा दिवस नाही.

टॉवेलचा मान या वर्षी सिसिलीचा होता. काल तिने मला विचारलं की ट्रॅपनेलबाईंनी तुला विचारलं तर तू खोटं बोलशील का. मी म्हटलं, नाही. तेव्हा तिने मला धागा आणायला खालच्या मजल्यावर पाठवलं, आणि मी परत आले तोवर तिचं मनगट मुरगळलं होतं. मी ते मुरगळताना पाहिलं नाही, त्यामुळे मला त्याबद्दल काही सांगता येत नाही. आता टॉवेल माझ्याकडे आहे. मी सिसिलीला म्हटलं, तुझे बाबा रागावतील. ती म्हणाली, "रागावू देत. दुखावलेल्या पायाचं देणं मला तुझ्या पिंपाकडून यायचं आहे, ते टॉवरमधून कसं वसूल करू?"

तुम्ही मला रांगेत शेवटी उभी राहायला सांगितलंत. मी तुमचं आजवर सगळं ऐकलं आहे. हे ऐकत नाही. मी बोलले की बहुधा त्याच आठवड्यात घरी येईन, आणि पेटी मागाहून येईल. त्याहून वाईटही होऊ शकतं, ते मी लिहीत नाही. पण कॉर्डवेल सोमवारी येणार, आणि माफी मिळाली तर आपला घोडेस्वार शनिवारी रात्रीपर्यंत हॉल्टबीला पोचेल. सोमवारी मग अ‍ॅम्ब्रोजला खाली पंगतीत बसवा आणि कोंबडं वाढा. (त्याचं नाव लिहिलं. पत्र जाळा.) स्वार आला नाही, तर रविवारी अंधार पडायच्या आत त्याला माळ्यावरून हलवा. कुठे ते मला कळवू नका, म्हणजे मला कोणी विचारलं तर सांगावं लागणार नाही.

काय बोलायचं ते मी तयार केलं आहे. आधी फार लांब होतं. त्यात बाबांच्या निष्ठेबद्दल होतं, आपल्या आजोबांच्या लढाईबद्दल होतं, आणि अ‍ॅम्ब्रोज लहानपणी कसा होता तेही होतं. एका पायाला लागतो तेवढ्या वेळात ते बसत नाही. मग मी तुम्ही शिकवल्याप्रमाणे दिसलं ते ठेवलं आणि वाटलं ते काढून टाकलं. आता ते असं आहे:

"राणीसाहेब, या भिजलेल्या बाह्या माझ्या आत्याने भरल्या. माझा भाऊ तुमच्यासमोर नाचता यावं म्हणून न विचारता गेला, आणि न विचारता परत आला. तो घरी आहे. त्याला माफ करा."

तो घरी आहे, हे वाक्य काढावं असं सिसिलीचं मत आहे. पण त्यांनी विचारलं, कुठे आहे, तर मला सांगावंच लागेल, मग आधी सांगितलेलं बरं. मी ते रोज टॉवेलच्या घड्या घालताना म्हणून बघते. तिसऱ्या वाक्याला आवाज कापतो. अजून थोडे दिवस आहेत.

खिडकीचं मी इथे विचारलं. डेनशमच्या मुलाच्या खोलीला खिडकी होती. नदीकडची होती. हे त्याला सांगायचं की नाही तेही तुम्ही ठरवा.

मी बोलणार तो दिवस गुरुवार, आठ एप्रिल.

तुमची,
उर्सुला